मुलाचा कान आणि औषधांचे तुलनात्मक विवरणपत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल, मराठी भाषेचे भवितव्य अशा थोर विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत लहान मुलांच्या कानदुखीवरील औषधे हा विषय काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना मंडळ हे केवळ गणेशोत्सवाचे आणि नाटकांचे ठिकाण नसते. गावाकडे आजीला, मावशीला, आत्याला जे विचारावयाचे, ते येथे आपण एकमेकांना विचारतो. हिवाळा लागला, की बालवर्गाला मुलांना घेऊन येणाऱ्या आयांच्या बोलण्यात कानदुखीचा विषय हटकून निघतो. एकीच्या मुलाला पाच दिवसांचे औषध मिळालेले असते, दुसरीच्या मुलाला दहा दिवसांचे, तिसरीला डॉक्टरांनी नुसते पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट पाहावयास सांगितलेले असते. आणि या साऱ्या चर्चेचा शेवट एकाच प्रश्नापाशी होतो. यांतले जोरदार औषध कोणते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आम्ही यथामती प्रयत्न केला, तेव्हा प्रश्नच निराळ्या शब्दांत मांडावा लागतो असे आढळून आले. तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रारंभीच आमचा अधिकार सांगून टाकलेला बरा. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर, आणि केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्याची बरीच वर्षे फायलींच्या संगतीत काढलेले. रोग्याला तपासून औषध ठरविणे हे डॉक्टरांचे काम, त्यात लुडबूड करण्याचा आमचा मानस नाही. परंतु सरकारी नोकरीने एक गोष्ट आम्हांला पक्की शिकविली आहे, आणि ती म्हणजे तुलनात्मक विवरणपत्र कसे वाचावे. कचेरीसाठी साधी कपाटे घ्यावयाची झाली तरी निविदा मागवितात, त्या शेजारीशेजारी मांडतात, आणि मग निर्णय होतो. त्याचे नियम ठरलेले आहेत. पहिला प्रश्न, खरेदीची मुळात आवश्यकता आहे काय? दुसरा, आवश्यकता असल्यास कोणता माल? तिसरा, किती, आणि किती मुदतीत? शिवाय सर्व निविदा एकाच अटींवर आल्या आहेत की नाही, हे पाहिल्यावाचून तुलना करता येत नाही. औषधांची तुलना करणारे शास्त्रज्ञ याहून फारसे वेगळे करीत नाहीत, असे आम्हांस दिसले. सारख्या प्रकृतीच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडावयाचे, एका गटाला एक औषध, दुसऱ्याला दुसरे, आणि कित्येकदा तिसऱ्याला रंगारूपाने तसेच पण औषध नसलेले द्रावण द्यावयाचे. कोणाला काय मिळाले हे ना पालकांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. शेवटी हिशेब मांडावयाचा.

त्या हिशेबाकडे वळण्यापूर्वी दुखणे कोठे असते ते पाहू. कानाचे तीन भाग : बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. पडद्याच्या आतली हवेने भरलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तेथून एक बारीक नळी घशाच्या मागच्या बाजूस, नाकाच्या पाठीमागे उघडते. युस्टेशियन नलिका किंवा कंठकर्णनलिका असे तिचे नाव. मोठ्या माणसात ही नळी लांब व उतरती असते, तर लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. मुलाला सर्दी झाली की नळीचे तोंड सुजते, आतली हवा कोंडते, पाणी साचते, आणि घशातले जंतू त्या साचलेल्या पाण्यात वाढू लागतात. पडद्यावर आतून दाब येतो, तो लाल होऊन फुगतो, आणि मध्यरात्री मूल कानाला हात लावून रडत उठते. या दुखण्यास तीव्र मध्यकर्णशोथ म्हणतात. कधी विषाणू एकटेच कारण असतात. जंतू सापडतात तेव्हा ते बहुधा तीन जातींचे असतात : न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी आणि मोराक्सेला कटारालिस. ही नावे बोजड असली तरी त्यांतली पहिली दोन ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता पहिला प्रश्न, आवश्यकतेचा. मुलाचा कान दुखतो आहे, डॉक्टरांनी पडदा पाहून मध्यकर्णशोथच आहे असे निदान केले आहे. प्रतिजैविक, म्हणजे ज्याला आपण सर्वजण अँटिबायोटिक म्हणतो ते, दिलेच पाहिजे काय?

हा प्रश्न धिटाईने विचारला तो नेदरलंडमधील डॉक्टरांनी. फान बुखेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली २ ते १२ वर्षे वयाच्या १७१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींच्या पडद्याला छेद देऊन पाणी काढले, काहींना प्रतिजैविक दिले, काहींना दोन्ही, काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. चारही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यानंतर १९८५ साली त्यांनी ४,८६० मुलांचा अनुभव मांडला. या मुलांना प्रथम तीन-चार दिवस केवळ नाकात घालण्याचे थेंब आणि वेदनाशामक औषध दिले होते. शेकडा ९०हून अधिक मुले त्यावरच बरी झाली. दुखणे हटले नाही अशी मुले शेकडा ३हूनही कमी निघाली, त्यांना पुढील उपचार मिळाले. कानामागील हाडापर्यंत पू जाण्याचा जो भयंकर प्रकार, तो दोघांना झाला.

पुढे अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या आणि कॉक्रेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकमंडळाने त्यांची एकत्र बेरीज मांडली. १३ चाचण्या, ३,४०१ मुले. निष्कर्ष असा, की पहिल्या २४ तासांत शेकडा ६० मुलांचे दुखणे थांबले, मग प्रतिजैविक दिलेले असो वा नसो. पहिल्या दिवशीच्या वेदनेवर प्रतिजैविकाचा परिणाम झाला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा लाभ दिसला, तो असा की २० मुलांना औषध द्यावे तेव्हा एका मुलाची वेदना त्यामुळे थांबते. त्याच विवरणपत्रात दुसराही रकाना आहे. दर १४ मुलांमागे एका मुलाला औषधामुळेच जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ असा उपद्रव होतो.

मग त्या रात्री रडणाऱ्या मुलाला आराम कशाने पडतो? फ्रान्समध्ये झालेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्वच मुलांना प्रतिजैविक चालू होते. फरक होता तो वेदनाशामकाचा. ४८ तासांनंतरही दुखत होते अशी मुले, वेदनाशामक न मिळालेल्या गटात शेकडा २५, पॅरासिटामॉल मिळालेल्या गटात शेकडा १०, आणि आयबुप्रोफेन मिळालेल्या गटात शेकडा ७. ज्याला आपण 'नुसते तापाचे औषध' म्हणून हिणवतो, ते पहिल्या दोन रात्री खरे काम करते. मुलाच्या वजनाप्रमाणे त्याची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवावी, हे उत्तम.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रतिजैविकांची कटकटच नको. असा उतावीळ निष्कर्ष काढू नये. सर्व निविदा एकाच अटींवर आल्या पाहिजेत असे जे आम्ही म्हणालो, त्याचे प्रत्यंतर येथे येते. नेदरलंडमधील मुले दोन वर्षांच्या वरची होती. दोन वर्षांच्या आतील मुलाचे काय?

२००६ साली सहा चाचण्यांतील १,६४३ मुलांची एकेकाची माहिती पुन्हा तपासण्यात आली, तेव्हा दोन प्रकारची मुले वेगळी उठून दिसली. एक, दोन वर्षांच्या आतली आणि दोन्ही कान बिघडलेली. त्यांत औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा ५५ मुलांना तीन ते सात दिवसांनीही वेदना किंवा ताप होता. औषध मिळालेल्यांत शेकडा ३०. दुसरी, कान वाहू लागलेली मुले. त्यांत हेच आकडे शेकडा ६० आणि २४. अशा तीन-चार मुलांना औषध दिले की एकाला निश्चित लाभ होतो. २० मागे एक आणि तीन-चारमागे एक, या दोन आकड्यांतील अंतर केवढे!

पुढे २०११ साली एकाच वेळी दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक फिनलंडमधील तुर्कू येथील आणि दुसरी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील. दोन्हींत मुले अगदी लहान, निदान अत्यंत काटेकोर, आणि औषध एकच : अमोक्सिसिलिन व क्लॅव्हुलॅनेट यांचे मिश्रण. फिनलंडमध्ये उपचार फसले ते औषध मिळालेल्यांत शेकडा १९ मुलांचे, न मिळालेल्यांत शेकडा ४५ मुलांचे. पिट्सबर्गला हे प्रमाण शेकडा १६ आणि ५१ निघाले. लाभ स्पष्ट दिसतो. मात्र दुसरा रकाना याही विवरणपत्रात आहे. फिनलंडमध्ये औषध मिळालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जुलाब झाले. न मिळालेल्यांत सुमारे एकचतुर्थांश मुलांना.

तेव्हा आवश्यकतेच्या प्रश्नाला सरसकट 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर नाही. तान्हे मूल, दोन्ही कान, वाहता कान, जोराचा ताप किंवा असह्य वेदना, यांपैकी काही असेल तर औषधाचे पारडे जड. मूल दोन वर्षांच्या वरचे, एकाच कानाची तक्रार, ताप माफक, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहणे शास्त्रसंमत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याच धर्तीची आहेत. परंतु वाट पाहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. ज्याला दोन दिवसांनी पुन्हा डॉक्टर गाठता येतो, त्यानेच ही वाट पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरील आरोग्यसेवकांसाठी बालरोगांची जी पद्धती आखून दिली आहे, तीत तीव्र कानदुखीला पाच दिवस तोंडाने प्रतिजैविक द्यावे असे सांगितले, त्यामागे हाच व्यवहार आहे. जेथे दवाखाना दहा कोसांवर आणि परत येण्याची शाश्वती नाही, तेथले गणित निराळे. दोन डॉक्टरांनी दोन मुलांना भिन्न सल्ले दिले म्हणून त्यांतला एक चुकलाच असे मानण्याचे कारण नाही. मुले भिन्न होती.

आता दुसरा प्रश्न, कोणते औषध? बाजारात नावे अगणित आहेत. परंतु छाप्याची नावे बाजूला सारली तर आपल्याकडे मुलांच्या कानासाठी प्रामुख्याने चार-पाच औषधे दिली जातात : अमोक्सिसिलिन, अमोक्सिसिलिन व क्लॅव्हुलॅनेट यांचे मिश्रण, सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिने, ॲझिथ्रोमायसिन आणि प्रसंगी सेफ्ट्रिॲक्झोनचे इंजेक्शन.

यांतले अमोक्सिसिलिन सर्वांत जुने. पेनिसिलिनच्या घराण्यातले हे औषध इंग्लंडमध्ये १९७२ साली बाजारात आले. आज ते स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच अनेकांना ते हलके वाटते. वस्तुतः जेथे औषध द्यावयाचे ठरते तेथे बहुतेक मुलांसाठी पहिली निवड याचीच करावी असे २०१३च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांचे सांगणे आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही कल तोच आहे. त्याचे कारण जंतूंच्या बचावाच्या रीतीत सापडते. न्यूमोकोकस हा जंतू पेनिसिलिनपासून बचाव करताना औषध ज्या प्रथिनाला चिकटते त्याचा आकार बदलतो, जणू कुलूप बदलावे तसा. परंतु हा बदल बहुधा अपुरा असतो आणि औषधाचे प्रमाण वाढविले की तेच औषध पुन्हा लागू पडते. म्हणून जेथे असे जंतू आढळतात तेथे डॉक्टर अमोक्सिसिलिनची मात्रा दुप्पट करतात. दर किलो वजनामागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. मुलाची चिठ्ठी पाहून 'एवढे औषध?' म्हणून दचकणाऱ्या आणि आपल्या मनाने निम्मे करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

हिमोफिलसची रीत वेगळी. त्याच्या काही जाती औषधालाच तोडून टाकणारे एक द्रव्य तयार करतात. तेथे मात्रा कितीही वाढविली तरी व्यर्थ. क्लॅव्हुलॅनेट हा पदार्थ स्वतः फारसे जंतू मारीत नाही. तो त्या तोडणाऱ्या द्रव्याला निकामी करतो, आणि मग अमोक्सिसिलिन आपले काम करते. गेल्या महिन्याभरात मुलाला अमोक्सिसिलिन दिलेले असेल, कानाबरोबर डोळ्यांतूनही पू येत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत साध्या अमोक्सिसिलिनने उतार पडला नसेल, तर डॉक्टर मिश्रणाकडे वळतात ते यासाठी. त्याची किंमत म्हणजे जुलाब. ती गरजेपुरतीच मोजावी.

ॲझिथ्रोमायसिन हे औषध १९८० साली त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे शोधले गेले. दिवसातून एकदाच द्यावयाचे, तीन किंवा पाच दिवसांत संपणारे, चवीलाही बरे. घरात पाठीमागे धावून औषध पाजणाऱ्या मातेला ते प्रिय व्हावे यात नवल नाही. पण विवरणपत्र काय सांगते? २००५ साली होबरमन, दागान आदींनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दोन-अडीच वर्षांच्या आतील मुलांच्या कानातले पाणी सुईने काढून जंतू खरोखर मेले की नाही हे पाहिले होते. हिमोफिलसचा नायनाट अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटने शेकडा ९० मुलांत झाला, ॲझिथ्रोमायसिनने शेकडा ४९ मुलांत. न्यूमोकोकसच्या बाबतीत हे आकडे शेकडा ९६ आणि ८० होते. म्हणजे जे अधिक नवे, अधिक सोयीचे, तेच अधिक दुबळे ठरले. पेनिसिलिनची खरोखरच तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ते हाताशी असावे; केवळ सोयीसाठी ते मागून घेऊ नये.

सेफिक्झिमची गोष्ट थोडी उलट आहे. हिमोफिलसवर ते चांगले चालते, परंतु पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसवर त्याची शक्ती कमी पडते. आणि सेफ्ट्रिॲक्झोन? इंजेक्शन म्हटले की आपल्याकडे रोग्याचे अर्धे समाधान होते. हे औषध निःसंशय प्रभावी आहे, पण त्याची जागा उलट्यांमुळे पोटात काही न ठरणाऱ्या मुलासाठी, किंवा तोंडाने घेतलेल्या औषधांनी दाद न दिलेल्या दुखण्यासाठी. सेफ्ट्रिॲक्झोन हे गंभीर आजारांत जीव वाचविणारे औषध आहे. साध्या कानासाठी ते वापरणे म्हणजे चोराचिलटासाठी लष्कर बोलावणे होय.

तिसरा प्रश्न मुदतीचा. येथे पालकांचा स्वाभाविक विचार असा, की औषध जितके कमी दिवस तितके बरे, आणि ताप उतरला की बाटली फडताळात. होबरमन यांनीच २०१६ साली ६ ते २३ महिन्यांच्या ५२० मुलांवर पाच दिवस आणि दहा दिवस यांची तुलना केली. उपचार फसण्याचे प्रमाण पाच दिवसांच्या गटात शेकडा ३४, दहा दिवसांच्या गटात शेकडा १६. कमी दिवस दिल्याने जंतूंचा औषधविरोध कमी झाला, असेही आढळले नाही. मात्र हा नियम तान्ह्या मुलांचा आहे. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दोन वर्षांच्या आत दहा दिवस, दोन ते पाच वर्षांत सात दिवस, आणि सहा वर्षांच्या वर दुखणे सौम्य असल्यास पाच ते सात दिवस पुरतात. दोन भावंडांना एकाच दुखण्यासाठी वेगवेगळी मुदत मिळाली तर त्यात विसंगती नाही. आणि थोरल्याच्या बाटलीतले उरलेले औषध धाकट्याला देणे किती अयोग्य, हेही यावरून उमगावे.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत सांगितले ते अचानक उद्भवणाऱ्या कानदुखीविषयी, आणि त्यातील बहुतेक चाचण्या सधन देशांतल्या. आपल्या देशाचे मोठे दुःख निराळे आहे. ते म्हणजे आठवडेच्या आठवडे, वर्षानुवर्षे वाहणारा कान. दुखत नाही म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, आणि कान फुटला आहे, वयाबरोबर बरा होईल, असे म्हणून त्याला घरात जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केलेल्या अंदाजानुसार जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी माणसांचे कान वाहतात, आणि त्यांपैकी शेकडा ६० जणांची श्रवणशक्ती कमी झालेली असते. ज्या देशांत या विकाराचे प्रमाण सर्वाधिक, त्यांत भारताची गणना आहे. वर्गात मागच्या बाकावर बसलेले, हाकेला ओ न देणारे, 'मंद' म्हणून शिक्का बसलेले मूल कित्येकदा मंद नसते. त्याला ऐकूच येत नसते. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांवर शाळेची भाषा, शेजारची भाषा आणि घरची मराठी असा तिहेरी भार असतो. अशा मुलाला ऐकू कमी आले तर सर्वांत आधी घरची भाषा गळून पडते, असे आम्हांस वाटते.

या वाहत्या कानाचे विवरणपत्र अगदी वेगळे आहे. केनियातील ५२४ मुलांवरील, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता कान पुसून कोरडा ठेवणे आणि काहीच न करणे यांत फरक पडला नाही. दोन्ही गटांत शेकडा २२ कानच सुकले. कोरडे करण्याच्या जोडीला औषध दिले तेव्हा शेकडा ५१ सुकले. मग औषध कोणते? केनियातच पुढे २००५ साली सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब आणि बोरिक ॲसिडचे थेंब यांची तुलना झाली. दोन आठवड्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे शेकडा ५९ कान सुकले, बोरिक ॲसिडचे शेकडा ३२. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांवर झालेल्या २००३ सालच्या चाचणीतही सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब जुन्या मिश्रणाच्या थेंबांहून सरस ठरले : शेकडा ७६ आणि ५२. तोंडाने घेतलेले औषध या रोगात थेंबांची बरोबरी करू शकत नाही, असा अभ्यासकांचा कल आहे. कारण उघड आहे. पडद्याला भोक असल्यामुळे थेंब थेट रोगाच्या जागी पोहोचतात, आणि रक्तातून जाणाऱ्या औषधापेक्षा तेथे त्यांचे प्रमाण कितीतरी अधिक असते.

म्हणजे पाहा, दुखणाऱ्या बंद कानाला थेंबांचा फारसा उपयोग नाही, कारण मध्ये पडदा आहे. आणि जुनाट वाहत्या कानाला पोटात घेतलेली महागडी औषधे व्यर्थ. दोघांनाही आपण 'कानाचा त्रास' एवढेच म्हणतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला सुचवितो. येथेच आपल्या घरगुती लसणीच्या तेलाचाही निकाल लावून टाकू. आजीच्या मायेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. पण पडद्याला भोक आहे की नाही हे आजीला दिसत नाही, आणि वाहत्या कानात तेल घालणे म्हणजे आत घाण ढकलणे. कानाला बाहेरून कापडाचा कोमट शेक द्यावा. आत काही घालू नये.

आता एक अखेरचा रकाना, जो कोणत्याही एका घराच्या विवरणपत्रात दिसत नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला. त्याचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील. आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्यामागे हे औषध सामान्य माणसाला परवडावे ही तळमळ होती. मिळत नव्हते तेव्हा त्याचे मोल कळत होते. मिळू लागले आणि आपण ते खडीसाखरेसारखे वाटू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन वर्ग केले : सर्वत्र उपलब्ध असावीत अशी, जपून वापरावीत अशी, आणि राखून ठेवावीत अशी. अमोक्सिसिलिन आणि त्याचे क्लॅव्हुलॅनेटबरोबरचे मिश्रण पहिल्या वर्गात आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या वर्गात. आपण ज्यांना जोरदार म्हणून मागतो, ती बहुतेक या दुसऱ्या वर्गातली. आपल्या सरकारने २०१४ साली काही प्रतिजैविकांसाठी विक्रीची स्वतंत्र नोंदवही सक्तीची केली, आणि २०१६ साली औषधाच्या वेष्टनावरील तांबड्या रेघेविषयी जनजागृती आरंभिली. ती रेघ दिसली की चिठ्ठीवाचून औषध मागावयाचे नाही, एवढे प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाने पाळले पाहिजे. नियमाची अंमलबजावणी नेहमी वरूनच व्हावी असे नाही. गिऱ्हाइकाने मागितले नाही तर दुकानदार विकणार कोणाला?

लसीचाही उल्लेख केला पाहिजे. न्यूमोकोकसवरील लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ सालापासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ साली देशभर झाली. ती प्रामुख्याने न्यूमोनियासारख्या जिवावरच्या आजारांसाठी असली, तरी कानाच्या काही दुखण्यांनाही आळा घालते. तान्ह्याला अंगावर पाजणे, आडवे निजवून बाटलीने दूध न देणे, आणि घरात विडी-सिगारेटचा धूर होऊ न देणे, हे तीन उपाय तर बिनपैशाचे आहेत.

आणि एक सूचना सर्वांत महत्त्वाची. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेल्यासारखा दिसणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे, मान ताठणे, मूल सुस्त होणे, वारंवार उलट्या, किंवा सहा महिन्यांच्या आतील बालकाचा ताप, यांपैकी काहीही दिसल्यास कोणतेही विवरणपत्र उघडू नये, तडक रुग्णालय गाठावे. कान दोन आठवड्यांहून अधिक वाहत असेल, तर कानाच्या तज्ज्ञाला दाखवावे आणि मुलाची श्रवणशक्ती तपासून घ्यावी. २००७ साली सुरू झालेल्या बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत ही सोय आहे.

तात्पर्य असे, की 'जोरदार औषध कोणते?' हा प्रश्न विवरणपत्रात बसत नाही, कारण जोर हा रकानाच तेथे नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण तीन प्रश्न विचारावेत : याला प्रतिजैविकाची गरज आहे काय? असल्यास हेच का? आणि ते किती दिवस? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट रांगेतल्या गर्दीत समजून घेणारा पालक भेटल्याचे त्याला समाधान होते. आणि त्याने 'सध्या गरज नाही, दोन दिवसांनी या' असे सांगितले, तर फी वाया गेली असे मानू नये. औषध न देण्याचा निर्णय हाही उपचार आहे, आणि तो देण्यासाठी अधिक विद्या लागते.

मंडळाने पन्नास वर्षे आपल्या मुलांच्या कानावर मराठी शब्द पडावेत म्हणून झटून काम केले. ते शब्द ऐकणारे कान शाबूत राहावेत, एवढीच आजच्या या रूक्ष विषयामागील भावना. मंडळाची पुढील पन्नास वर्षेही अशीच भरभराटीची जावोत अशी प्रार्थना करतो, आणि आमचे भाषण संपवितो.